एक्सपीएसमध्ये थर दिसला, पण वंगणाचं काम त्यानेच केलं का?

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या ज्युनिअरने तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला वाचायला दिला. विषय माझ्या कामाच्या अगदी शेजारचा आहे: कमी सल्फरच्या डिझेलमध्ये करंजाचं बायोडिझेल थोडं मिसळलं की धातूची झीज का कमी होते, हे पृष्ठभागाच्या रासायनिक विश्लेषणातून शोधायचं. मसुदा नीटनेटका होता. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, 'घासलेल्या स्टीलवर एस्टरचा संरक्षक थर तयार होतो, हे एक्सपीएसने सिद्ध झालेले आहे.' त्याला चार आधार दिले होते. तीन पेपर, आणि चौथं माझंच दोन वर्षांपूर्वीचं पोस्टर.

"ताई, हे तर तुम्हीच दाखवलंय ना?" ती म्हणाली.

नाही, मी ते दाखवलं नव्हतं. दाखवलंय असं मला तेव्हा वाटलं होतं, एवढंच. तिची पुढची तीन-चार वर्षं त्या एका वाक्यावर उभी राहणार होती, म्हणून तिला जे समजावून सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना असेच पेपर वाचून विषय निवडावा लागतो. ते पेपर कसे वाचायचे, त्यांत काय चुकतं आणि का चुकतं, हा आजचा मुद्दा. टीका आहे, पण तिच्यात पहिला नंबर माझ्या पोस्टरचा.

आधी थोडी पार्श्वभूमी

इंजिनाला वंगण म्हणून इंजिन ऑइल असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डिझेलच्या रोटरी इंजेक्शन पंपात आणि आजच्या अनेक कॉमन-रेल पंपांत आतल्या भागांना वंगण मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या इंधनाचंच. इंधन पातळ असतं. त्यामुळे दाबाखाली दोन धातूंच्या मध्ये त्याची जाड फिल्म टिकत नाही. धातू धातूच्या जवळजवळ टेकतो आणि मध्ये उरतो तो पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचा अतिपातळ थर. याला 'बाउंडरी लुब्रिकेशन' म्हणतात. विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी १९२२च्या सुमारास या स्थितीचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हापासून हा शब्द रूढ आहे.

इंधन शुद्ध करायला लागल्यावर हा प्रश्न डोकं वर काढतो. १९६०च्या दशकात हायड्रोजन-प्रक्रिया केलेल्या जेट इंधनामुळे विमानांच्या इंधन-पंपांत तो दिसला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनने अत्यंत कमी सल्फरचं डिझेल आणलं, तेव्हा गाड्यांचे पंप लवकर झिजू लागले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि डिझेलमधल्या सल्फरची मर्यादा ५० पीपीएमवरून थेट १० पीपीएमवर आली.

इथेच पहिला गैरसमज होतो. सल्फर गेलं म्हणून वंगण गेलं, म्हणजे सल्फर हेच वंगण, असं अनेकजण धरून चालतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. खरं असं आहे की सल्फर काढणारी हायड्रोजन-प्रक्रिया फक्त सल्फरवर थांबत नाही. ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली ध्रुवीय संयुगं आणि अनेक कड्यांची ॲरोमॅटिक संयुगंही ती कमी करते. धातूला चिकटून झीज रोखण्याचं काम मुख्यतः ही मंडळी करत होती. सल्फर त्यांच्याबरोबर गेलं, आणि नाव त्याचं झालं.

असे पेपर काय करतात

या विषयावरचे दहा पेपर उघडा, त्यातल्या बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. आधी एचएफआरआर चाचणी. ६ मिलिमीटर व्यासाची स्टीलची गोळी, खाली स्टीलचीच चकती, वर २०० ग्रॅमचं वजन, २ मिलिलिटर इंधन, तापमान ६० अंश. गोळी १ मिलिमीटर अंतरात सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे, ७५ मिनिटं. शेवटी गोळीवर पडलेल्या झिजेच्या खुणेचा व्यास मोजायचा. तो ४६० मायक्रॉनपेक्षा जास्त नको, ही युरोपातल्या आणि आपल्याकडच्या डिझेलची अट आहे.

मग ॲडिटिव्ह किंवा बायोडिझेल घातल्यावर खूण लहान झाली, असा आलेख येतो. इथवर सगळं ठीक असतं. त्यानंतर 'मेकॅनिझम' नावाचा विभाग येतो आणि त्यात एक्सपीएस. क्ष-किरण टाकले की नमुन्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा मोजून कोणतं मूलद्रव्य कोणत्या रासायनिक अवस्थेत आहे ते ओळखता येतं. हे इलेक्ट्रॉन फक्त वरच्या ५ ते १० नॅनोमीटरमधूनच सुटून येतात, म्हणून पातळ थरासाठी हे तंत्र अगदी योग्य. शेवटी एक रंगीत चित्र: खाली लोखंड, त्यावर शेपट्या वर करून उभे राहिलेले एस्टरचे रेणू.

आलेखापासून त्या चित्रापर्यंत जी उडी आहे, माझा आक्षेप तिला आहे. यंत्र चुकत नाही. आपण त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालतो.

पहिला दोष: हवेतला कार्बन

माझ्या पोस्टरची गोष्ट इथली. २ टक्के बायोडिझेल घातलेल्या डिझेलमध्ये चाचणी केली. चकती हेप्टेनने धुतली, पाकिटात ठेवली. एक्सपीएसचा स्लॉट बारा दिवसांनी मिळाला. कार्बनच्या स्पेक्ट्रममध्ये २८४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला मुख्य पीक, २८६च्या आसपास एक खांदा आणि २८८.५च्या आसपास छोटा उंचवटा. शेवटचा म्हणजे ओ-सी-डबल-बाँड-ओ, म्हणजे एस्टर किंवा कार्बोक्सिलेट. मी आनंदात पोस्टर छापलं. शीर्षकात 'एव्हिडन्स' हा शब्दही होता.

काही महिन्यांनी पेपरचा मसुदा वाचताना मॅडमनी समासात पेन्सिलने एकच ओळ लिहिली: 'न घासलेल्या जागेवर काय दिसतं?' मी ते मोजलंच नव्हतं.

पुढच्या स्लॉटला तीन गोष्टी नेल्या. चकतीचा घासलेला भाग, त्याच चकतीचा न घासलेला भाग, आणि इंधनाचा एक थेंबही न लागलेली, नुसती स्वच्छ करून बारा दिवस लॅबमध्ये ठेवलेली चकती. २८४.८, २८६, २८८.५ ही तिन्ही शिखरं तिन्ही ठिकाणी होती. उलट घासलेल्या भागात धातूरूप लोखंडाचं पीक जास्त ठळक होतं. म्हणजे लोखंडावरचं आवरण तिथे एकूण पातळच होतं. माझा 'संरक्षक थर' सगळ्यात जाड दिसला तो इंधन न लागलेल्या चकतीवर!

कारण साधं आहे. हवेत ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागावर हायड्रोकार्बनचा पातळ थर बसतो, आणि त्यात सी-ओ आणि ओ-सी-डबल-बाँड-ओ हे दोन्ही प्रकार असतात. एक्सपीएसवाले त्याला 'ॲडव्हेंटिशस कार्बन' म्हणतात. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर चिकट तेल सापडतं, म्हणून कुणी फॅनला फोडणीच्या तेलाचं वंगण दिलंय असं आपण म्हणत नाही. मी नेमकं तेच म्हटलं होतं.

म्हणून असा पेपर हातात आला की आधी निष्कर्ष वाचू नका. 'एक्सपेरिमेंटल' विभागात जा आणि तीन गोष्टी शोधा: नमुना कशाने धुतला, मोजण्याआधी किती दिवस हवेत होता, आणि न घासलेला व इंधन न लागलेला असे दोन्ही कंट्रोल आहेत का. कंट्रोल नसेल तर कार्बनच्या स्पेक्ट्रमवर उभा असलेला दावा बाजूला ठेवा.

दुसरा दोष: नेमकं कुठे मोजलं?

चांगल्या इंधनात गोळीवरची खूण साधारण २०० ते ४०० मायक्रॉनची असते. अनेक एक्सपीएस यंत्रांवर नेहमीच्या वापरातला ठिपका काहीशे मायक्रॉनचा असतो. ४०० मायक्रॉनचा ठिपका २५० मायक्रॉनच्या खुणेवर ठेवला तर काय होईल? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून अर्ध्याहून जास्त सिग्नल खुणेबाहेरचा येईल. हे गणित दहावीचं आहे, पण ठिपक्याचा आकार न दिलेले पेपर मला अजूनही भेटतात. ठिपका लहान करता येतो, पण मग सिग्नल कमी होतो आणि वेळ जास्त लागतो. स्लॉट दोन तासांचा असेल तर ही तडजोड आधी ठरवून जावं लागतं.

खोलीचंही तसंच. एक्सपीएस न मिळाल्यामुळे काहीजण एसईएमला जोडलेल्या ईडीएसवर 'थर' सिद्ध करतात. २० किलोव्होल्टला स्टीलमध्ये ईडीएसची माहिती साधारण एक मायक्रॉन खोलीतून येते. ओलेइक आम्लाच्या रेणूची लांबी आहे सुमारे २ नॅनोमीटर. पाचशेपट जाड थरातून आलेल्या सिग्नलमध्ये तो एक रेणूचा थर कुठे दिसणार? तिथे दिसणारा ऑक्सिजन बहुधा झिजेतून निघालेल्या लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे संरक्षणाची नव्हे, झिजेचीच खूण.

तिसरा दोष: कधीचा थर?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि चर्चेत तो सगळ्यात कमी येतो. आपण नमुना ७५ मिनिटांनंतर पाहतो. झीज मात्र सगळी त्याच क्षणी झालेली नसते.

कागद-पेन घ्या. ६ मिलिमीटरची गोळी, १.९६ न्यूटन बल, दोन्हीकडे स्टील. हर्ट्झच्या सूत्राने सुरुवातीच्या संपर्काचा व्यास सुमारे ६७ मायक्रॉन येतो आणि सरासरी दाब सुमारे ०.५५ गिगापास्कल. आता शेवटी खूण ४०० मायक्रॉनची झाली असं धरा. तेच बल आता त्या पूर्ण क्षेत्रावर वाटलं जातं. सरासरी दाब उरतो सुमारे १६ मेगापास्कल. म्हणजे दाब जवळजवळ ३५ पटींनी उतरला.

याचा अर्थ असा की शेवटच्या मिनिटाला पृष्ठभागावर जो थर सापडला, तो अत्यंत सौम्य परिस्थितीत तयार झालेला किंवा टिकलेला असू शकतो. पहिल्या काही मिनिटांत, दाब प्रचंड असताना, तो होता की नाही हे स्पेक्ट्रम सांगत नाही. थरामुळे झीज थांबली, की झीज मंदावल्यावर थराला बसायला जागा मिळाली? दोन्ही गोष्टी त्याच एका स्पेक्ट्रमशी जुळतात.

उपाय महाग नाही. चाचणी २, १०, ३० आणि ७५ मिनिटांना थांबवून वेगवेगळे नमुने बघायचे. मेहनत चौपट, स्लॉट चौपट. पण 'तयार होतो' हे क्रियापद वापरायचं असेल तर तयार होताना काहीतरी पाहायला हवं.

चौथा दोष: पीक-फिटिंगची कसरत

लोहाचा २पी स्पेक्ट्रम हा नवख्यांसाठी सापळा आहे. एफई-२-ओ-३, एफई-३-ओ-४ आणि एफईओओएच यांची शिखरं ७१० ते ७१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात एकमेकांवर चढलेली असतात. शिवाय एकाच संयुगाचं शिखर 'मल्टिप्लेट स्प्लिटिंग'मुळे आतून अनेक भागांत फुटलेलं असतं. ग्रोव्हनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आणि बिसिंगर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे प्रमाण नमुन्यांवर दाखवून दिलं आहे. तरी एकेका ऑक्साइडला एकेक गुळगुळीत शिखर देऊन टक्केवारी दशांशापर्यंत छापलेली दिसते. सॉफ्टवेअरला पाच शिखरं द्या, ते पाचही बसवून देईल. सहा द्या, सहा बसवेल.

दुसरी गोष्ट, २८४.८ हा आकडा. हवेतल्या कार्बनचं शिखर तिथे धरून बाकी सगळी मापं सरकवायची, ही नेहमीची पद्धत. ग्रेझिन्स्की आणि हुल्टमन यांनी दाखवलंय की हे शिखर कोणत्या पृष्ठभागावर बसलंय त्यानुसार दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही जास्त सरकू शकतं. एस्टर की कार्बोक्सिलेट हा फरक अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा. ज्या पट्टीचा शून्यच हलतो, तिने असा फरक मोजून 'एस्टरचं विघटन होऊन लोहाचा साबण तयार झाला' असं ठामपणे लिहिणं धाडसाचं आहे.

तिसरी, आर्गॉन आयनांनी पृष्ठभाग खरवडत खोलीचा आलेख काढणं. साधे आर्गॉन आयन सेंद्रिय रेणू मोडतात आणि त्रिसंयुजी लोहाचं द्विसंयुजीत रूपांतर करतात. मग 'खोलवर एफईओ आढळला' असं लिहिलं जातं. तो एफईओ आपल्याच बंदुकीने बनवलेला असू शकतो.

हे फक्त आपल्या विषयाचं दुखणं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर्जेदार जर्नल्समधले एक्सपीएस असलेले चारशेहून अधिक पेपर तपासले गेले. पीक-फिटिंगमधल्या गंभीर चुका त्यांत मोठ्या प्रमाणात सापडल्या. तेव्हा 'चांगल्या जर्नलमध्ये आहे' हा आधार इथे पुरत नाही.

मग कुणाचं काम बघून शिकायचं?

या क्षेत्रातली मला सगळ्यात पटलेली दोन कामं अशी आहेत, ज्यांची ताकद महागड्या स्पेक्ट्रममध्ये नाही, तुलनेत आहे.

पहिलं, वेई आणि स्पाइक्स यांचं १९८६चं डिझेलवरचं काम. स्वीडनमधली पंपांची तक्रार यायच्या आधीचं. इंधनातले घटक वेगवेगळे घेऊन झीज मोजत त्यांनी दाखवलं की सल्फरला श्रेय देणं बरोबर नाही. महत्त्व ऑक्सिजन-नायट्रोजनयुक्त आणि बहुकडी ॲरोमॅटिक संयुगांना आहे.

दुसरं, नॉथे आणि स्टाइडली यांचं २००५चं काम. प्रश्न आपलाच: थोडंसं बायोडिझेल घातल्यावर वंगणक्षमता का सुधारते? त्यांनी एस्टर, मुक्त मेदाम्लं, मोनोग्लिसराइड असे घटक स्वतंत्रपणे तपासले. उत्तर अनपेक्षित होतं. कमी प्रमाणातल्या मिश्रणात मोठा वाटा एस्टरचा नव्हे, तर बायोडिझेलमध्ये 'अशुद्धी' म्हणून उरलेल्या मुक्त मेदाम्लांचा आणि मोनोग्लिसराइडचा होता. आता माझ्या पोस्टरचं शीर्षक पुन्हा आठवा. मी ज्याचा थर शोधत होते, तो मुख्य कलाकार नसण्याचीच शक्यता जास्त होती. दोन आठवडे वाचनालयात घालवले असते तर दोन स्लॉट वाचले असते.

याचा अर्थ पृष्ठभाग-विश्लेषण निरुपयोगी, असा काढू नका. इंधन बदललं की झीज बदलते हे तुलना सांगते, पण धातूवर नेमकं काय घडतं हे शेवटी पृष्ठभागच सांगणार. फक्त प्रश्न असा हवा की हवेतला कार्बन त्याचं उत्तर देऊ शकणार नाही. उदाहरणार्थ, ड्युटेरियम किंवा कार्बन-१३ लावलेलं मेदाम्ल इंधनात घालून टॉफ-सिम्सवर त्याचा माग काढता येतो. लॅबच्या हवेतून ते आलंय असं मग कुणी म्हणू शकत नाही. त्या तंत्राच्याही खोडी आहेत. सिलिकोनचा अंश कुठूनही येतो आणि ७३ व १४७ या वस्तुमानांवर ठाण मांडतो. पण निदान कुठे फसू शकतो हे माहीत असतं.

ज्युनिअरच्या मसुद्याचं काय झालं

आम्ही दोघींनी ते वाक्य खोडलं. त्याजागी आता लिहिलंय: 'घासलेल्या व न घासलेल्या पृष्ठभागांवर बायोडिझेलमधील कोणता घटक अधिक प्रमाणात राहतो, आणि झीज कमी होण्याआधी तो तेथे असतो का, हे तपासणे.' पहिल्या वर्षाच्या योजनेत तिने चार वेळांना थांबवलेल्या चाचण्या टाकल्या आहेत आणि प्रत्येक स्लॉटमध्ये एक जागा इंधन न लागलेल्या चकतीसाठी राखून ठेवली आहे. मसुदा आधीपेक्षा कमी भारदस्त दिसतो. समितीपुढे मात्र जास्त टिकेल.

माझं पोस्टर अजून नेटवर आहे. त्याच्या पानावर मी कालच दुरुस्तीची टीप जोडली: कंट्रोल नव्हता, एस्टरच्या थराचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पण ते पोस्टर वाचून अजून कुणी तिसऱ्या पानावर 'सिद्ध झालेले आहे' लिहू नये.

तुम्ही विषय निवडत असाल तर एक करून बघा. तुमच्या यादीतले सगळ्यात जवळचे तीन पेपर घ्या आणि एका कागदावर फक्त पाच गोष्टी लिहा: धुण्याचा द्रव, हवेतला काळ, ठिपक्याचा आकार, कंट्रोल, आणि चाचणी किती वेळांना थांबवली. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे बहुधा तुमचा प्रश्न सापडेल. सापडला तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, एकत्र बघू.